दोन बोटं कमी

कमान एकट्याने बांधायची नसते. हे मिस्त्रींना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती, चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस. कमान दोन्ही काठांवरून सारखीच वर चढत जाते, आणि अगदी माथ्यावर कळीचा दगड बसला की मगच ती स्वतःच्या जिवावर उभी राहते. तोवर सगळा भार खालच्या लाकडी साच्यावर. एका बाजूला जास्त दगड चढले की साचा कलतो. म्हणून या काठावर एक गवंडी आणि त्या काठावर एक, अशी या धंद्यातली रीत. तरीही मिस्त्रींनी बागेच्या इंजिनिअरबाईंना तोंडावर सांगून टाकलं, "दोन्ही बाजू मीच लावणार. दुसरा माणूस मला नको."

बाईंनी दोन गवंडी आणून दाखवले होते, नाही असं नाही. पहिल्याला मिस्त्रींनी अर्ध्या दिवसात परत पाठवलं, कारण तो दगड नीट टेकायच्या आधीच ठोकत सुटायचा. दुसरा कामाला बरा होता, पण काम करताना शिट्टी वाजवायचा. शिट्टी! आता तुम्हीच सांगा, शिट्टीने कधी कमान पडल्याचं ऐकलंय? पण मिस्त्रींना फक्त निमित्त हवं होतं. दोघे गेले आणि त्यांना हायसं वाटलं.

पूल होता बागेतल्या तळ्यावर, तळं जिथे निमुळतं होतं तिथे. शंभराहून जास्त वर्षांचा, पायी फिरणाऱ्यांसाठी बांधलेला. एका बाजूचा पाया खचला, कमानीला भेग पडली, तेव्हा बागेच्या कचेरीने तो पूर्ण उतरवून पुन्हा जसाच्या तसा उभारायचं ठरवलं. उतरवताना एकेका दगडावर क्रमांक घातला, फोटो काढले आणि सगळे दगड हिरवळीवर ओळीने मांडून ठेवले. एकूण एकेचाळीस थर, वीस या काठाचे, वीस त्या काठाचे, आणि मधला तो कळीचा. कचेरीची अट एकच होती. दगड आहे तसाच परत जाईल, कुठल्याही दगडाला छिन्नी लावायची नाही. मिस्त्री म्हणाले, "हे मला सांगता?"

उतरवायच्या आधी घेतलेल्या मापांत बाईंना एक गंमत दिसली होती. कळीचा दगड बरोबर मधोमध नव्हता, पलीकडच्या काठाकडे एक बोट सरकलेला होता. नकाशावर पेन्सिल टेकवून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, हे असं का झालं असेल?"

"त्या बाजूचा गवंडी कच्चा असणार. दुसरं काय!" मिस्त्री फटकन म्हणाले, आणि नकाशा न बघताच चालू लागले. बाईंनी नकाशा गुंडाळला. त्यांना काय ठाऊक, की याच प्रश्नाचं हेच उत्तर मिस्त्रींनी आयुष्यात एकदा आधी दिलं होतं.

त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा पलीकडच्या काठावर त्यांचा धाकटा भाऊ असायचा. आईवडील लवकर गेले, मिस्त्रींनीच त्याला वाढवलं, काम शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं ते राहूनच गेलं. दोघांनी मिळून किती कमानी बांधल्या याचा हिशोब नाही. दगड बसला की मिस्त्री लाकडी हातोड्याने दोन ठोके द्यायचे, टक टक. पलीकडून धाकट्याचे दोन ठोके आले की मगच पुढचा दगड उचलायचा. दिवसभर बोलणं असं तेवढंच. दुपारी एक वाजता मात्र धाकटा न चुकता हाक मारायचा, "दादा, जेवायचं की नाही?" कारण दादाला भुकेचं भान नसायचं.

तर अशाच एका पुलाचं काम संपलं आणि मालक बघायला आला. त्याची नजर बारीक. म्हणाला, कळीचा दगड मधे नाही, त्या बाजूला बोटभर सरकलाय. बघायला चाळीस-पन्नास माणसं जमलेली. मिस्त्रींनी मागचापुढचा विचार न करता सांगितलं, "ती बाजू भावाची. त्याचा हात आखडता आहे, सांध्यात चुना घालायला जिवावर येतं त्याच्या. नेहमीचंच आहे." माणसं हसली. धाकट्याने हातोडा खाली ठेवला, हात धुतले आणि निघून गेला. त्याच आठवड्यात त्याने बायकोमुलांसह दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलं.

त्याने माफी मागावी म्हणून मिस्त्री वाट बघत राहिले. हो, त्यानेच! चूक त्याची, बारीक सांधा त्याचा, मग पहिला शब्द आपण का टाकायचा? ताठा काय असतो तो या माणसाकडून शिकावा. पहिलं वर्ष रागात गेलं, दुसरं वाट बघण्यात, आणि पुढची वर्षं कशी गेली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कमानीचं काम मात्र त्यांनी या पुलापर्यंत पुन्हा घेतलं नव्हतं, नुसत्या भिंती रचल्या. पण आपण बरोबर होतो, एवढं एक त्यांनी उराशी घट्ट धरून ठेवलं होतं. दुसरं धरायला होतं तरी काय?

राहायला एका लाँड्रीच्या वर भाड्याची खोली. एक खाट, एक खुर्ची, एक कप. खरं तर कप दोन होते, दुकानदार सुटा देईना म्हणून जोडी घ्यावी लागली. दुसरा अजून कागदातच होता. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि भिंती कोमट राहायच्या. संध्याकाळी मिस्त्री रेडिओ लावायचे आणि बातम्या सांगणाऱ्याला उलट उत्तरं द्यायचे. "असं होय? मग आधी झोपला होतात काय?" रेडिओ बापडा काय बोलणार!

साचा उभा राहिला आणि काम सुरू झालं. सकाळी या काठावर एक थर, म्हणजे तीन दगड. मग तळ्याला वळसा घालून त्या काठावर. साच्यावरून चालायला बाईंची सक्त मनाई होती, आणि तळ्यात बदकं होती म्हणून पाणी उपसलं नव्हतं. वळसा चारशे बारा पावलांचा, मिस्त्रींनी मोजला होता. तिकडे तीन दगड लावायचे, पुन्हा चारशे बारा पावलं इकडे. दगड उचलायला साखळीची कप्पी आणि चार मजूर. त्यांच्यातला एक ताडमाड उंच होता, त्याला सगळे लंबू म्हणायचे. लंबूची जीभ मोकळी. "मिस्त्री, एक सायकल घ्या," तो म्हणायचा, "नाहीतर बदकांच्या पाठीवर बसून जा."

लंबूच्या एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. दगड बसला की मिस्त्री दोन ठोके द्यायचे आणि मग हातोडा हवेत धरून थांबायचे. समोरच्या काठाकडे बघत. तिकडे चिटपाखरू नसायचं.

"कशाची वाट बघताय?" एकदा त्याने विचारलं.

"चुना बसतोय," मिस्त्री म्हणाले. चुना बसायला इतका कमी वेळ लागत नाही आणि तो डोळ्यांनी दिसतही नाही, हे लंबूलाही कळत होतं. पण त्याने पुढचा दगड कप्पीला अडकवला.

बाईंनी सुचवलं होतं की साच्यावर प्रत्येक थराची जागा खडूने आखून घ्या. मिस्त्रींना हसू आलं. धाकटाही आखायचा, आणि त्याची ते किती टर उडवायचे! "खुणा शिकाऊंना लागतात, बाई. माझ्या डोळ्यात खुणा आहेत." आणि खरंच, दोन्ही बाजू इतक्या सारख्या चढत होत्या की बघत राहावं. पाणसळ लावा, ओळंबा सोडा, इकडचा पाचवा थर आणि तिकडचा पाचवा थर एका उंचीला. दहावाही तसाच, पंधरावाही तसाच. बागेत फिरायला येणारे कुंपणापाशी थांबून वाहवा करायचे. मिस्त्री मनात म्हणायचे, बघ म्हणावं धाकट्याला. दोन्हीकडे माझा हात असला की काम कसं होतं ते बघ.

विसावे थर बसले त्या दिवशी बाई मुद्दाम आल्या, कचेरीतली दोन-तीन माणसंही आली. कळीच्या दगडाच्या रुंदीची एक लाकडी पट्टी आधीच कापून ठेवली होती. मिस्त्रींनी ती मधल्या फटीत आडवी सोडली. पट्टी आत गेलीच नाही. वरच अडकून बसली.

त्यांनी ती उलटी करून बघितली. दुसऱ्या कडेने बघितली. मग फटीत बोटं घातली आणि पट्टीवर खूण केली. जागा दोन बोटं कमी होती.

"पट्टी चुकीची कापली कुणीतरी," ते ओरडले. पट्टी दगडावर धरून पाहिली, बरोबर होती. "साचा दबला असणार." साचा केसभर दबलेला नव्हता. कचेरीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी त्यांना काहीतरी कारण सांगून तिथून नेलं आणि स्वतः परत येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, दोनच मार्ग आहेत. एक बाजू उतरवून पुन्हा लावायची, किंवा दगड दोन बोटं तासायचा. तासायचा असेल तर कचेरीला मला कळवावं लागेल, आणि मग ते जसाच्या तसा म्हणणार नाहीत. तुमचं काय ते सकाळपर्यंत सांगा." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मजूर गेल्यावर मिस्त्री सांधे मोजायला बसले. एकेक सांधा, पोलादी पट्टीने. आपला पहिला सांधा ठरल्यापेक्षा नखभर जाड. दुसराही नखभर जाड. तिसराही. सगळेच्या सगळे सांधे नखाच्या जाडीने जास्त होते. मग चारशे बारा पावलं चालून ते पलीकडे गेले. तिकडेही तेच. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या होत्या, म्हणून तर उंची जुळत गेली आणि डोळ्याला पत्ता लागला नाही. सांध्यामागे एक नख, वीस सांध्यांचं झालं एक बोट. दोन बाजूंची दोन बोटं.

बादली पालथी घालून ते तिच्यावर बसले. आता एक गोष्ट त्यांना समजून घ्यायचीच नव्हती, पण ती समोर येऊन उभी राहिली. हा हात आजचा नव्हता. हात तोच होता, चाळीस वर्षांचा. मग इतकी वर्षं कमानी जुळत कशा होत्या? कुणीतरी पलीकडे बसून प्रत्येक सांध्यात नखभर कमी चुना घालत होतं म्हणून. दादाने जेवढं वाढवलं तेवढं धाकट्याने कमी केलं, आणि म्हणून कळीचा दगड त्याच्या बाजूला एक बोट सरकायचा. आणि त्याबद्दल आपण त्याला चाळीस-पन्नास माणसांसमोर कंजूष म्हटलं.

मिस्त्री उठले आणि हिरवळीवर कळीच्या दगडापाशी गेले. छिन्नी हातात होती. अर्ध्या दिवसाचं काम. बाईंना सांगायचं, तासतो, काय कळवायचं ते कळवा. निदान बाजू उकलावी लागणार नाही, कुणाला काही कबूल करावं लागणार नाही. छिन्नी त्यांनी दगडावर टेकवलीसुद्धा. ठोका मात्र पडेना. दगडाचं काही चुकलेलं नव्हतं. ज्याचं चुकलेलं नाही त्यालाच पुन्हा कापायचं?

छिन्नी ठेवून त्यांनी फोन काढला. नंबर बारा वर्षं पाठ होता. पलीकडे भावजयीने उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी."

ती म्हणाली, "भाऊजी? थांबा, त्यांना देते." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचं कळलं. धाकटा हॅलोसुद्धा म्हणाला नाही.

"एक कमान लावतोय," मिस्त्री म्हणाले. "बागेतला पूल आहे. दोन्ही बाजू मीच लावल्या."

धाकटा म्हणाला, "किती कमी पडलं?"

"दोन बोटं."

"दोनच पडणार."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या पुलापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू ऐकून घेतलं असतंस? आणि तुझा सांधा देखणा असतो, दादा. जाड असतो, पण देखणा. म्हटलं, राहू दे त्याचा तसा, मी माझा बारीक करतो. काय बिघडतंय?"

"आणि त्या दिवशी? सगळ्यांसमोर?"

"त्या दिवशी काय बोलणार होतो? चूक दादाची आहे म्हणून? त्या माणसांदेखत?" धाकट्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "माझ्याने नसतं झालं ते."

"चूक माझी होती," मिस्त्री म्हणाले. एवढंच वाक्य, पण छातीवरून धोंडा सरकवावा तसं त्यांनी ते ढकललं.

"हं," धाकटा म्हणाला. "एवढं म्हणायला बारा वर्षं लागली."

"ये ना इकडे. तुझी बाजू तू लाव."

"नाही येत. गुडघे गेलेत माझे. आणि खरं सांगू? गुडघे धड असते तरी आलो नसतो." मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझी बाजू उकल. चुना थोडा पातळ कालव, सांधा नखभर बारीक धर. आणि साच्यावर खडूने खुणा कर. का लाज वाटते खुणांची?"

"नाही वाटत."

"बरं," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सकाळी मिस्त्रींनी बाईंना सांगितलं की पलीकडची बाजू उकलायची आहे, आणि चूक माझ्या हाताची आहे. लंबूने आ वासला. मिस्त्रींच्या तोंडून तो शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला. बाईंनी साचा कलू नये म्हणून उतरवलेल्या दगडांच्या वजनाची वाळूची पोती त्या बाजूला चढवायला लावली. दगड लागत जातील तशी पोती उतरवायची. चुना अजून पक्का धरला नव्हता, म्हणून दगड धक्का न लागता सुटले. ते धुऊन पुसून पुन्हा ओळीने मांडले गेले.

आता वळसा घालायची गरज उरली नाही. दिवसचे दिवस मिस्त्री धाकट्याच्या काठावरच होते. आणि काय सांगू, नाकी नऊ आले त्यांच्या! हात ऐकेना. चाळीस वर्षांची सवय, थापी उचलली की चुना जास्तच यायचा. पहिले दोन थर त्यांनी तीनदा काढून पुन्हा लावले. धाकटा हे रोज करायचा, न कुरकुरता, आणि वर खुणा केल्याबद्दल बोलणी खायचा. खडूने आखलेल्या रेघेवर दगड टेकवताना मिस्त्रींचे डोळे भरून यायचे. लंबूला ते सांगायचे, चुना डोळ्यात गेला.

मधे दम खायला थांबले की समोर दिसायची त्यांची स्वतःची बाजू. तिच्याकडे या काठावरून त्यांनी असं निवांत कधी बघितलंच नव्हतं. भरीव, सरळ, सुंदर सांधे. धाकटा म्हणाला ते खोटं नव्हतं. पण त्याला इथून त्या सांध्यांपाशी दादाही दिसायचा. मिस्त्रींना तिथे कुणीच दिसत नव्हतं. दगड बसला की ते दोन ठोके द्यायचे, आणि समोरच्या रिकाम्या काठाकडे एकदा बघून पुढचा दगड उचलायचे.

पुन्हा विसावा थर बसला. या वेळी पट्टी फटीत अलगद उतरली. कप्पीवरून कळीचा दगड आला, मिस्त्रींनी त्याला हाताने दिशा दिली, आणि तो आपली जागा ओळखल्यासारखा खाली जाऊन बसला. बाईंनी माप घेतलं. मधापासून पलीकडच्या काठाकडे एक बोट. त्यांनी जुना नकाशा उघडला, आकड्याशी आकडा जुळला.

"म्हणजे तेव्हाचा गवंडी कच्चा नव्हता," बाई म्हणाल्या.

"नाही हो," मिस्त्री म्हणाले. "दोघे होते ते. एकाचा हात जाड होता, आणि दुसऱ्याने ते कधी बोलून दाखवलं नाही."

दुपार झाली होती. मजूर डबे घेऊन फाटकाकडच्या झाडाखाली गेले. मिस्त्री कमानीपाशीच राहिले, धाकट्याच्या काठावर. त्यांनी फोन लावला. या वेळी धाकट्यानेच उचलला.

"बसला," मिस्त्री म्हणाले.

"कुठे?"

"तुझ्याकडे एक बोट."

"म्हणजे बरोबर बसला." मग लगेच, "तुझी बाजू नाही ना उकललीस?"

"नाही. ती आहे तशीच ठेवली."

"चांगलं केलंस. वाजव बघू."

मिस्त्रींनी फोन दगडावर ठेवला आणि हातोड्याचे दोन ठोके दिले. पुन्हा फोन कानाला लावला. पलीकडून ठोके यायचा प्रश्नच नव्हता, धाकटा आपल्या घरात खुर्चीत बसलेला.

"ऐकलं," तो म्हणाला.

बारा वर्षांचं बोलायचं होतं, पण सुरुवात कुठून करायची? फोन ठेवायची वेळ आली असं मिस्त्रींना वाटलं आणि त्यांनी तो कानाशी आणखी घट्ट धरला.

"जेवलास?" धाकट्याने विचारलं.

"हो, मघाशीच."

"खोटं बोलतोस. एक आत्ता वाजतोय. डबा कुठे आहे?"

"आहे इथेच."

"उघड. मी फोन धरतो."

मिस्त्रींनी फोन शेजारी दगडावर ठेवला आणि डबा उघडला. पाव, दोन उकडलेली अंडी, मिठाची पुडी. फोनमधून भांडं सरकवल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. दोघेही काही न बोलता जेवले.